तुटलेला धागा आणि टोयोटाची पत

आजचा धागा लांब आहे, सवडीने वाचावा. ३१ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासन आणि टोयोटा किर्लोस्कर मोटर यांच्यात सामंजस्य करार झाला. छत्रपती संभाजीनगरजवळ, ऑरिकच्या बिडकीन पट्ट्यात, हायब्रीड आणि विजेवरच्या मोटारींचा नवा कारखाना उभारण्याचा हा करार. शासनाने त्या वेळी गुंतवणुकीचा आकडा सुमारे २०,००० कोटी रुपये सांगितला. त्या सायंकाळी आमच्या फुलंब्रीतील प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर दोनच विषय होते: बिडकीनकडे जमिनीचा भाव काय होईल, आणि टोयोटाची गाडी कशी ‘मरत नाही’. पहिल्या विषयावर बोलायला जाणकार पुष्कळ आहेत. मला दुसऱ्यावर बोलायचे आहे.

माझे मत आधीच मांडतो. टोयोटाची पत खरी आहे. परंतु तिची जी कारणे आपण एकमेकांना सांगतो, म्हणजे जपानी माणसाचा स्वभाव, त्यांची शिस्त, त्यांच्या रक्तातले कष्ट, ती इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत. खरे कारण अधिक साधे आहे आणि आपल्याला अधिक लागू पडणारे आहे. त्यासाठी मोटारीच्या मागे, थेट मागापर्यंत जावे लागेल.

साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ सालचा, आजच्या शिझुओका प्रांतातील एका खेड्यातला. वडील सुतारकाम करीत. ‘टोयोडा’ या आडनावाचा अर्थ सुपीक भातखाचर. त्या पट्ट्यात कापूस पिके, घरोघरी बायका हातमागावर कापड विणीत. साकिचींनी आईचे कष्ट पाहून माग सुधारण्याचा ध्यास घेतला, असे चरित्रकार सांगतात. १८९१ मध्ये त्यांना लाकडी हातमागाचे पहिले पेटंट मिळाले आणि १८९६ मध्ये त्यांनी यंत्रमाग तयार केला.

विणकाम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की मागावरचा खरा शत्रू म्हणजे तुटलेला धागा. ताण्यातला एक दोरा तुटला आणि माग तसाच चालत राहिला, तर पुढचे सारे कापड सदोष निघते. म्हणून प्रत्येक मागाशी डोळ्यांत तेल घालून उभा राहणारा माणूस लागतो. साकिचींनी हे पाहणेच यंत्रात बसवले. धागा तुटला की माग आपोआप थांबे. १९२४ मध्ये त्यांचा ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. त्यात धोट्यातले सूत संपले की माग न थांबता धोटाही आपोआप बदले. दोषावर थांबायचे आणि दोष नसताना थांबायचे नाही, अशी ही रचना. एक कामगार तीस किंवा त्याहून अधिक माग सांभाळू शकू लागला. या मागांसाठी १९२६ मध्ये टोयोडा ऑटोमॅटिक लूम वर्क्स ही कंपनी निघाली. तिचे नाव लक्षात ठेवा, ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता याच काळातील मुंबई पाहा. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईतील गिरण्यांत सार्वत्रिक संप चालला. त्यामागच्या कारणांपैकी एक असे की काही गिरण्यांनी विणकराला दोनऐवजी तीन माग सांभाळायला सांगितले. मालकांचा युक्तिवाद होता की जपानी कापडाशी स्पर्धा करायची तर प्रत्येक कामगारामागे उत्पादन वाढले पाहिजे. कामगारांचे म्हणणे होते की माणसाला डोळे दोनच असतात. गिरणगावाच्या इतिहासात हा संप कामगार चळवळीचा टप्पा म्हणून शिकवला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु मला तो तंत्रज्ञानाच्या इतिहासातलाही टप्पा वाटतो. जपानमध्ये मागावर लक्ष ठेवण्याचे ओझे यंत्राने उचलले, म्हणून एका माणसाकडे तीस माग देता आले. मुंबईत यंत्र जुनेच ठेवून ओझे माणसावर टाकले गेले, म्हणून तिसऱ्या मागावरच सारे फाटले. दोन्हीकडे शब्द एकच होता: कार्यक्षमता.

मुंबईच्या गिरण्यांतील यंत्रसामग्री बहुतांशी लँकेशायरमधून येई आणि तिथली एक थोर कंपनी म्हणजे ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स. १९२९ मध्ये याच प्लॅट ब्रदर्सने टोयोडांच्या मागाचे पेटंट हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. जगाला माग विकणाऱ्यांनी आशियातील एका सुतारपुत्राकडून माग विकत घेतला, ही घटनाच नाट्यमय आहे. तिच्या जोडीला एक दंतकथा फिरते की या एक लाख पौंडांतून टोयोटा मोटार जन्मली. इतिहासप्रेमींनी ती जपून सांगावी. प्लॅटने पुढे ही रक्कम कमी करून घेतली, आणि मोटारींसाठी लागलेले खरे भांडवल माग कंपनीच्या स्वतःच्या व्यवसायातून उभे राहिले. साकिची १९३० मध्ये वारले. त्यांचे पुत्र किइचिरो यांनी १९३३ मध्ये माग कंपनीतच मोटार विभाग सुरू केला. १९३६ मध्ये ‘एए’ ही पहिली प्रवासी मोटार आली आणि २८ ऑगस्ट १९३७ रोजी टोयोटा मोटर कंपनी स्वतंत्र झाली.

नावातील ‘डा’चा ‘टा’ कसा झाला, हाही एक गमतीचा भाग. १९३६ मध्ये बोधचिन्हासाठी स्पर्धा झाली, तीत ‘टोयोटा’ हे रूप पुढे आले. जपानी काताकाना लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहिता येते आणि आठ हा आकडा तिथे शुभ मानतात. शिवाय कुटुंबाचे आडनाव आणि कंपनीचे नाव यांत एका अक्षराचे अंतर पडले. आपल्याकडे आडनावाला चिकटून राहण्याची जी हौस असते ती पाहता हे अंतर मला महत्त्वाचे वाटते.

येथवर गोष्ट गोड आहे. पुढचा भाग आपले व्हॉट्सॲप गट सांगत नाहीत.

१९३६ साली जपानी सरकारने मोटार उद्योगाचा कायदा केला. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांची तोवर जपानी बाजारावर हुकमत होती. त्यांना आवळून देशी कंपन्यांना परवाने देण्यात आले आणि त्यांत टोयोडांचा समावेश होता. यामागे लष्कर होते. चीनमधील आक्रमक युद्धासाठी त्यांना ट्रक हवे होते, आणि पहिल्या काही वर्षांत टोयोटाने मुख्यतः ट्रकच बनवले. पराभवानंतर कंपनी बुडण्याच्या बेतात आली. १९५० मध्ये दीर्घ संप झाला, सुमारे दीड हजारांहून अधिक कामगारांना जावे लागले आणि किइचिरोंनी स्वतः राजीनामा दिला. त्याच महिन्यात, २५ जून १९५० रोजी, कोरियन युद्धाला तोंड फुटले. अमेरिकी सैन्याने ट्रकांच्या मोठ्या मागण्या नोंदवल्या आणि कंपनी तरली. म्हणजे ज्या कंपनीला आपण निव्वळ कष्टाचे फळ म्हणतो, तिला एका युद्धाने वाढवले आणि दुसऱ्याने वाचवले.

येथे चिकित्सक वाचक विचारील की संरक्षण तर आपल्याकडेही होते, मग आपली टोयोटा कुठे आहे? प्रश्न अगदी रास्त. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याला कारखाना काढला. जनरल मोटर्स तर १९२८ पासून मुंबईत शिवडीला मोटारी जुळवीत होती; स्वातंत्र्यानंतरच्या धोरणात ती आणि फोर्ड दोघीही १९५० च्या दशकात निघून गेल्या. मैदान मोकळे होते. तरी प्रीमियरची फियाट अकराशे, जिला आपण पुढे पद्मिनी म्हणून ओळखले, ती शतक संपेपर्यंत जवळपास त्याच अंगलटीने धावत राहिली. गिऱ्हाईक वर्षानुवर्षे रांगेत उभे होते. गाडी सुधारण्याची गरजच कुणाला भासली नाही.

जपानमध्ये मात्र कुंपणाच्या आतही टोयोटा, निस्सान, होंडा, माझदा, मित्सुबिशी, सुझुकी एकमेकांच्या उरावर बसलेल्या होत्या, आणि कुंपणाबाहेर निर्यात करणे भाग होते. १९५७ मध्ये टोयोटाने ‘क्राउन’ अमेरिकेत नेली. तिथल्या महामार्गांच्या वेगापुढे ती धापा टाकू लागली. नामुष्की पत्करून कंपनीने १९६० च्या अखेरीस प्रवासी मोटारींची ती निर्यात थांबवली, गाडी नव्याने घडवली आणि १९६५ मध्ये ‘कोरोना’ घेऊन परत गेली. धागा तुटल्यावर माग थांबवला, असेच याला म्हणावे लागेल. ताइइची ओहनो यांनी तेच तत्त्व कारखान्यात आणले होते: जुळणीच्या रांगेवर दोष दिसला की साध्या कामगारालाही दोरी ओढून सगळी रांग थांबवता येते. जगभरच्या व्यवस्थापनशास्त्राने या पद्धतीची पुस्तके लिहिली. तिचे सार मागावरच्या त्या तुटलेल्या दोऱ्यातच आहे.

आता आपल्या बाजूचा दुवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा; साकिचींहून दोन वर्षांनी लहान. बेळगावात सायकलींचे दुकान, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० मध्ये औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एकाच्या आडनावात भातखाचर, दुसऱ्याच्या कारखान्यात नांगर. दोघांनीही गिऱ्हाईक म्हणून खेड्यातल्या कष्टकऱ्यालाच डोळ्यांपुढे ठेवले होते.

या दोन घराण्यांची गाठ पडण्याआधी टोयोटाने भारतात एकदा ठेच खाल्ली होती. १९८० च्या दशकात तिने डीसीएमशी भागीदारी करून ‘डायना’ हा हलका ट्रक आणला. डीसीएम म्हणजे दिल्ली क्लॉथ मिल्स. मागवाल्याने कापडवाल्याशी केलेली सोयरीक! १९८५ नंतर येन कमालीचा महाग झाला, जपानहून येणाऱ्या सुट्या भागांचे दर परवडेनात आणि १९९० च्या दशकात हा संसार मोडला. तो कारखाना पुढे देवूकडे गेला. किर्लोस्करांशी संबंध जुळला तोही आधी सूतयंत्रांवरून: १९९५ मध्ये किर्लोस्कर टोयोडा टेक्स्टाइल मशिनरी निघाली आणि १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर. लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर हे या नात्याचे शिल्पकार. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. आज या कंपनीत किर्लोस्करांचा वाटा ११ टक्के आहे, उरलेला टोयोटाचा. मराठी अभिमानाने छाती फुगवताना हा आकडाही जवळ ठेवावा.

बंगळुरूजवळच्या बिदादी कारखान्यातून जानेवारी २००० मध्ये ‘क्वालिस’ बाजारात आली. मुळात ती इंडोनेशियातील ‘किजांग’. किजांग म्हणजे भेकर. दिसायला खोक्यासारखी, इंजिन जेमतेम ७५ अश्वशक्तीचे, आणि रूप तेव्हाही जुनाट म्हणावे असे. शहरी समीक्षकांनी नाके मुरडली. परंतु आमच्या जळगाव रस्त्यावर, जिथे तोवर काळी-पिवळी जीप किंवा ट्रॅक्समध्ये माणसे कोंबून नेण्याचा रिवाज होता, तिथे क्वालिस ही क्रांती होती. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याला जाणारा प्रत्येक पर्यटक फुलंब्री आणि सिल्लोड ओलांडूनच जातो. त्यांत जपानी बौद्ध यात्रेकरू पुष्कळ. अजिंठा-वेरूळ परिसराच्या जतन आणि पर्यटन विकासाला १९९० च्या दशकापासून जपानी कर्जसाहाय्य मिळाले, त्यातून रस्ते आणि विमानतळाचीही कामे झाली. जपानी पैशाने सुधारलेल्या रस्त्यावरून जपानी गाडीतून जपानी भाविक बुद्धदर्शनाला निघालेले, आणि स्टिअरिंगवर मराठवाड्याचा ड्रायव्हर, हे दृश्य आमच्या पिढीने बालपणापासून पाहिले आहे. २००५ मध्ये क्वालिस खपत असतानाच कंपनीने ती बंद केली आणि ‘इनोव्हा’ आणली. या निर्णयावर तेव्हा हळहळणारे आज इनोव्हाच्याच शपथा घेतात.

या गाड्यांची ‘पाच लाख किलोमीटर’वाली कीर्ती खरी आहे का? बहुतांशी आहे. स्वतंत्र चौकट, मागच्या चाकांना शक्ती, आणि ताण न देता चालणारे डिझेल इंजिन यांमुळे ती टिकते. परंतु एक गोष्ट कुणी ध्यानात घेत नाही. सर्वाधिक धावलेल्या इनोव्हा या टॅक्सीच्या आहेत. टॅक्सी रोज चालते, लांब पल्ल्यावर चालते, आणि तिचा मालक तेलपाणी वेळेवर करतो, कारण गाडी उभी राहिली की चूल थंड होते. दारात महिनाभर उभी राहणारी आणि लग्नसराईतच बाहेर पडणारी गाडी कोणत्याही कंपनीची असो, अशी टिकत नाही. टोयोटाच्या पतेत किमान अर्धा हिस्सा त्या ड्रायव्हरांचा आणि गल्लीतल्या मिस्त्रींचा आहे. जाहिरातीत त्यांचे नाव येत नाही, एवढेच.

या पतेचा बाजारभाव किती, हे २०१९ मध्ये उघड झाले. टोयोटाने मारुती सुझुकीची ‘बलेनो’ घेऊन, तिच्यावर आपले चिन्ह लावून ‘ग्लान्झा’ नावाने विकली आणि वॉरंटी अधिक दिली. लोकांनी घेतली. गंमत अशी की सुझुकी हीदेखील मूळची मागवालीच. मिचिओ सुझुकींनी १९०९ मध्ये त्याच शिझुओका प्रांतातील हामामात्सुला मागांचा कारखाना काढला होता. कापसाच्या एका पट्ट्याने जगाला दोन मोटार कंपन्या दिल्या. कापसाच्या आमच्या पट्ट्याने सरकी आणि गाठी दिल्या. पैठणी आणि हिमरू विणणारे हात इथेही होते. त्यांच्या मागांत सुधारणा करणाऱ्याला पेटंट, भांडवल आणि ओतशाळा देणारे कुणी नव्हते. निजामी राजवटीला आणि तिच्यानंतर आलेल्यांनाही हा प्रश्न विचारायला हवा.

आता तो वळणाचा भाग. २००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या मोटारी अनावर वेग घेतात अशा तक्रारींवरून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २४ फेब्रुवारी २०१० रोजी साकिचींचे पणतू अकिओ टोयोडा यांना अमेरिकी काँग्रेससमोर उभे राहून क्षमा मागावी लागली. दोष ठाऊक असताना ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये कंपनीने १२० कोटी डॉलरचा दंड मान्य केला.

आणि २९ जानेवारी २०२४ रोजी जे जाहीर झाले ते आपल्या दारापर्यंत आले. टोयोटा इंडस्ट्रीज या कंपनीने काही डिझेल इंजिनांच्या प्रमाणपत्र-चाचण्यांत गैरप्रकार केल्याचे उघड झाले. शक्ती मोजताना, विक्रीच्या गाडीत असते त्याहून निराळे सॉफ्टवेअर वापरून आकडे सुबक करून घेतले होते. भारतात इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स यांची पाठवणी थांबवावी लागली. काही दिवसांनी ती पूर्ववत झाली आणि गाडीच्या कामगिरीवर परिणाम नाही असे कंपनीने सांगितले. ही टोयोटा इंडस्ट्रीज कोण? साकिचींची १९२६ ची माग कंपनी. जिने धागा तुटला की थांबायचे जगाला शिकवले, तिच्याच प्रयोगशाळेत तुटलेला धागा झाकला गेला. आपल्याकडच्या प्रत्येक मोठ्या दादा-भाऊंच्या ताफ्यात ज्या फॉर्च्युनर दिसतात, त्यांच्या इंजिनांची ही गोष्ट. पण तिची चर्चा आमच्या तालुक्यात झाल्याचे मला आठवत नाही. ‘टोयोटा म्हणजे डोळे झाकून घ्या’ म्हणणाऱ्यांना माझा आक्षेप इथे आहे. डोळे झाकूनच घ्यायचे तर साकिचींनी आयुष्यभर केले काय?

बिडकीनविषयी उत्साह असावा; मलाही आहे. १९८५ मध्ये बजाज वाळूजला आली, २००१ मध्ये स्कोडा शेंद्र्याला. त्यांच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकांची जी पिढी घडली, तीच या शहराची खरी कमाई आहे. तेव्हा ८५० एकर आणि २०,००० कोटी हे आकडे पाठ करण्यापेक्षा काही प्रश्न आत्ताच विचारावेत. किती सुटे भाग याच जिल्ह्यात बनतील? साचे आणि हत्यारे इथे घडतील की पेटीबंद येतील? चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांतून शिकलेल्या मुलांना आत कोणत्या पायरीवर घेतले जाईल?

बिदादीचा अनुभव दोन्ही बाजूंनी अभ्यासण्याजोगा आहे. तिथे २००६, २०१४ आणि २०२० मध्ये संप किंवा टाळेबंदी झाली. २०२० च्या वादात कामाचा वेग असह्य झाल्याची कामगारांची तक्रार होती, बेशिस्तीची व्यवस्थापनाची. १९२८ चा गिरणगाव आठवतो तो यासाठी. रांग थांबवणारी दोरी कामगाराच्या हाताशी आहे. पण वेग जास्त आहे असे सांगण्याची दोरी कुठे आहे, हे बिडकीनमध्ये कामाला जाणाऱ्या मुलांनी करारावर सही करण्यापूर्वी विचारावे. दुसरी बाजू अशी की त्याच बिदादीत २००७ पासून टोयोटाची तांत्रिक प्रशिक्षण संस्था चालते. ग्रामीण कर्नाटकातील गरीब घरांतली मुले दहावीनंतर तिथे तीन वर्षे राहून शिकतात. अशी संस्था बिडकीनला कारखान्याच्या पायाभरणीबरोबरच सुरू व्हावी आणि तीत फुलंब्री, सिल्लोड, कन्नड, पैठण या तालुक्यांतील मुलामुलींना जागा असाव्यात, ही मागणी आपल्या ग्रामसभांच्या ठरावांत यायला हवी. माझ्या माहितीतल्या किमान चार गावांतील मित्र हा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडणार आहेत. मसुदा हवा असेल त्यांनी खाली लिहावे.

वालचंदांच्या कुर्ल्यातील कारखान्यावर आणि पद्मिनीवर स्वतंत्र धागा पुढच्या रविवारी.